उन्हात रंग उतरलेला पुष्कराज

पूर्वी गोदावरीच्या काठी पोतन नगरीत धृतसेन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका रत्नव्यापाऱ्याच्या कुळात जन्माला आला होता. त्या जन्मी त्याचे नाव सुनेत्र होते. वयात आल्यावर त्याने वडिलांचा व्यापार हाती घेतला, आणि त्याच्या शब्दावर दूरदूरचे व्यापारी विश्वास ठेवू लागले. सुनेत्राने एखादा खडा खरा म्हटला की तो खरा, आणि खोटा म्हटला की त्याचा मालकही पुन्हा तो खडा पुढे करीत नसे.

त्या राजाची आई अनोमा मूळची दूर उत्तरेकडच्या गंधार देशातली. लग्न होऊन ती पोतनला आली तेव्हा अगदी कोवळ्या वयाची होती. निरोप देताना तिच्या आईने तिच्या हातात एक पुष्कराज ठेवला. बोटाच्या पेराएवढा, खाणीतून निघाला तसाच, धारा आणि पैलू जागच्या जागी असलेला. त्याचा रंग जंगली मधासारखा होता, थोडा तपकिरी, थोडा सोनेरी. गंधारच्या डोंगरांत शिशिराच्या आधी अक्रोडांची पाने जशी होतात तसा तो रंग आहे, असे अनोमा म्हणत असे. पोतनमध्ये कोणी अक्रोडाचे झाड पाहिलेले नव्हते. त्यामुळे ती म्हणे ते सगळे ऐकून घेत, आणि खऱ्या अर्थाने ते फक्त एकीला कळे. तिचे नाव कुरंगी. अनोमाबरोबर माहेराहून पाठराखीण म्हणून आलेली ही मुलगी पुढे तिच्याजवळच राहिली. दोघी एकाच खोऱ्यातल्या. अनोमा राणी झाली, मग राजमाता झाली, पण एकांतात कुरंगी तिला अजून ताईच म्हणे.

म्हातारपणी अनोमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला. माणसे तिला सावल्यांसारखी दिसू लागली, अन् रंग तर जवळजवळ दिसेनासेच झाले. भर उन्हात एखादी वस्तू धरली तरच तिची काही चमक तिला जाणवे. म्हणून ती रोज सकाळी महालाच्या गच्चीवर जाऊन बसे, कठड्यावर पांढरे वस्त्र अंथरी आणि त्यावर तो पुष्कराज ठेवी. ऊन चढले की तो खडा लखलखे. मग ती उत्तरेकडे तोंड करून विचारी,

“कुरंगी, आज कसा दिसतो गं?”

“मधासारखा, ताई.”

“आपल्या मावशीच्या पोळ्यांतला मध?”

“तोच. नुकता काढलेला.”

एवढ्यावर अनोमाचे बोलणे सुरू होई. मावशी धूर करून माशा कशा उठवी, वितळत्या बर्फाचे पाणी अंगणातल्या पाटात किती थंड असे, आई लोकर पिंजताना कोणते गाणे म्हणे, आणि एका वर्षी अस्वल बागेत शिरले तेव्हा कुरंगी झाडावरून उतरायलाच कशी तयार नव्हती. कुरंगी मधेच एखादे विसरलेले नाव सांगे. दोघी हसत. ऊन डोक्यावर आले की खडा उचलून आत नेत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गच्चीवर येत. अशी कितीतरी वर्षे गेली.

एकदा राजाच्या मनात आले की, आईच्या या खड्याला सोन्याचे कोंदण करून द्यावे म्हणजे तो तिला गळ्यात घालता येईल. त्याने आईची परवानगी घेऊन खडा कोशाध्यक्ष विशाखाकडे पाठवला. विशाख वृद्ध होता. राजाच्या वडिलांच्या काळापासून राज्याची रत्ने त्याच्या ताब्यात होती, आणि राणी नवी नवरी म्हणून आली तेव्हा हाच पुष्कराज त्याने स्वतः हातात घेऊन पाहिला होता. आता त्याने डबी उघडली आणि तो जागच्या जागी थिजला. डबीतला खडा त्याच आकाराचा होता, पण त्यात मधाचा रंग औषधालाही नव्हता. झऱ्याच्या पाण्यासारखा तो रंगहीन होता.

विशाख धावतच राजाकडे गेला. “महाराज, राजमातांचा पुष्कराज कोणीतरी बदलला आहे. हा नुसता स्फटिकाचा तुकडा आहे.”

राजाने खडा पाहिला. लहानपणी आईच्या मांडीवर बसून तो त्या खड्यातून दिव्याकडे पाहत असे, आणि सारी खोली सोनेरी होऊन जाई. ते त्याला लख्ख आठवत होते. त्याचा चेहरा रागाने लाल झाला. खड्याला हात कोण लावते याची चौकशी झाली, आणि आईखेरीज एकच नाव पुढे आले. कुरंगीला राजासमोर उभे केले गेले.

“आईचा पुष्कराज कुठे आहे?”

“तुमच्या हातात आहे, महाराज.”

“त्याचा रंग कुठे गेला?”

कुरंगीने मान खाली घातली. “मी चोरी केलेली नाही,” ती म्हणाली. राजाने परोपरीने विचारले, धाक घातला, तरी ती त्यापुढे एक अक्षर बोलली नाही.

तेव्हा राजाने आईला बोलावून घेतले. अनोमा काठीच्या आधाराने आली. घडले ते तिने ऐकून घेतले. मग जिथे कुरंगीची सावली दिसत होती तिकडे वळून ती म्हणाली, “तू मला रोज सांगत होतीस. मधासारखा आहे म्हणून.”

कुरंगीच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण ओठ मिटलेलेच राहिले. राजरत्नाच्या चोरीला त्या राज्यात हात तोडून हद्दपार करण्याची शिक्षा होती. राजाने ती सुनावली. मात्र एवढ्या वर्षांची सेवा लक्षात घेऊन, शिक्षेआधी खड्याची परीक्षा एखाद्या जाणकाराकडून करून घ्यावी असे त्याने ठरवले आणि सुनेत्राला बोलावणे धाडले.

बोधिसत्त्व राजसभेत आला. त्याने खडा तळहातावर घेतला आणि डोळे मिटून त्याचे वजन जोखले. गालाला लावून त्याचा गारवा पाहिला. मग एक स्वच्छ स्फटिक मागवला आणि खड्याच्या कोपऱ्याने त्यावर रेघ ओढली. स्फटिकावर पांढरा चरा उमटला. स्फटिकाने खड्यावर रेघ ओढून पाहिली तेव्हा काही उमटले नाही. शेवटी त्याने तो लोकरीच्या वस्त्रावर घासून गवताच्या बारीक काडीजवळ धरला. काडी उडून त्याला चिकटली.

“महाराज,” तो म्हणाला, “हा स्फटिक नाही. हा पुष्कराजच आहे.”

“पण पुष्कराज पिवळा असतो,” राजा म्हणाला.

“लोकांच्या पाहण्यात पिवळा जास्त येतो म्हणून तसे वाटते. हळदीसारखा असतो, केशरासारखा असतो, आईसाहेबांचा होता तसा मधाच्या रंगाचाही असतो. काही खाणींत पावसानंतरच्या आभाळासारखा फिकट निळा निघतो. कमळाच्या पाकळीसारखा गुलाबी फार क्वचित मिळतो. एखादा केशरी खडा निखाऱ्यांत सावकाश तापवून थंड होऊ दिला तर त्यालाही तो गुलाबी रंग चढतो. आणि सर्वांत जास्त सापडतो तो असा, पाण्यासारखा. रंग वेगवेगळे, पण जात एकच.”

विशाख पुढे झाला. “म्हणजे काय झाले? चोराने मधाच्या रंगाचा नेला आणि त्याच जातीचा बिनरंगी स्वस्त खडा ठेवला. स्फटिक ठेवण्यापेक्षा ते जास्त हुशारीचे झाले.”

सभेतल्या लोकांनी माना डोलावल्या. बोधिसत्त्वालाही त्या बोलण्यात खोट काढता येईना. त्याने राजमातेला नम्रपणे विचारले, “आईसाहेब, हा खडा आपण कुठे ठेवीत होता?”

अनोमाने गच्चीचे, कठड्याचे आणि उन्हाचे सगळे सांगितले. ते ऐकताना बोधिसत्त्वाच्या मनात काहीतरी हलले. त्याने राजाकडे कुरंगीला भेटण्याची परवानगी मागितली आणि तो बंदिशाळेत गेला.

कुरंगी भिंतीला टेकून बसली होती. तो तिच्यासमोर जमिनीवरच बसला.

“बाई, तुमच्या डोळ्यांदेखत रंग जात होता. खरे ना?”

ती दचकली. “तुम्हाला कसे कळले?”

“तुमच्या डोंगरांतल्या मधाच्या रंगाच्या खड्यांबद्दल माझ्या भावाने मला कधीतरी सांगितले होते. त्यांना ऊन सोसत नाही म्हणे.”

कुरंगीने मोठा सुस्कारा टाकला. “पहिल्यांदा वाटले, माझीच नजर कमी झाली. मग एका उन्हाळ्यात पाहते तो अगदी फिका. मला फार भीती वाटली. पण ताई विचारायच्या, कसा दिसतो? आणि मी मधासारखा म्हटले की त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा व्हायचा. मी खरे सांगितले असते तर त्या दिवसापासून मावशी, बाग, अस्वल, सगळे थांबले असते. इथे तिकडचे दुसरे कोण आहे आमच्याशी बोलायला?”

“मग राजासमोर हे का सांगितले नाही?”

“काय सांगू? ताईंनीच रोज उन्हात ठेवून आपल्या आईची खूण घालवली, हे सांगू? हात गेला तर एका हाताने राहीन मी. तुम्हीही त्यांना सांगू नका, श्रेष्ठी.”

बोधिसत्त्व म्हणाला, “ते मला कबूल करता येणार नाही. तुमच्या निष्पाप हातावर शस्त्र पडेल, आणि तुम्ही त्यांना फसवले असे मानून त्या उरलेले आयुष्य काढतील. ते दुःख खड्याच्या दुःखाहून मोठे आहे. पण मी त्यांना दुखवण्यासाठी सांगणार नाही, एवढे खरे.”

तो बाहेर आला तेव्हा विशाख दारात वाट पाहत होता. तो सुनेत्राला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाला, “श्रेष्ठी, मी काही दुष्ट माणूस नाही. पण रत्नांची जबाबदारी माझी. हे प्रकरण लांबले तर उद्या लोक मलाच विचारतील. तुमच्याकडे तसाच मधाच्या रंगाचा पुष्कराज आहे, हे मला ठाऊक आहे. तुमच्या भावाने आणलेला. तो द्या. चोराकडून परत मिळाला असे आपण सांगू. राजमातांना तसाही स्पष्ट दिसत नाही. त्यांना समाधान मिळेल, महाराज खूश होतील, आणि राज्याच्या रत्नपरीक्षकाचे पद तुमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहील. ते मी बघतो.”

“आणि कुरंगी?”

विशाखाने दुसरीकडे पाहिले. “एका दासीचे काय.”

बोधिसत्त्व तसाच पुढे चालू लागला. तो घरी आला आणि आतल्या खोलीतली लाकडी पेटी त्याने उघडली. काळ्या रेशमात गुंडाळलेला तो पुष्कराज त्याने बाहेर काढला. संध्याकाळ व्हायला आली होती, आणि खिडकीतून येणाऱ्या थोड्याशा उजेडात तो आतून पेटल्यासारखा दिसत होता.

हा खडा त्याच्या थोरल्या भावाने, अरुणकाने आणला होता. सुनेत्र लहान असताना वडील वारले, आणि अरुणकानेच त्याला वाढवले. पुढे व्यापारासाठी उत्तरेला जाताना त्याने धाकट्याला बरोबर नेले होते. गंधारपलीकडच्या एका खडकाळ उतारावर खाणकऱ्यांनी फोडलेल्या पोकळीत अरुणकाने हात घातला आणि हा खडा बाहेर काढला. मग तो भावाच्या हातावर ठेवून म्हणाला, “धर. हा तुझा. पण याला उन्हात फार ठेवू नकोस हं, हे लोक म्हणतात की याचा रंग उन्हात निघून जातो.” त्या संध्याकाळी दोघांनी शेकोटीवर भाकऱ्या भाजल्या होत्या आणि अरुणक इतका हसला होता की त्याला ठसका लागला होता. कशावरून हसला ते सुनेत्राला आता आठवत नव्हते. आठवत होता फक्त तो आवाज. पुढे अरुणक समुद्रमार्गे सुवर्णभूमीला गेला आणि परत आला नाही. जहाज बुडाले की वादळात भरकटले, हेही कधी कळले नाही. भावाच्या हातचे म्हणून सुनेत्राजवळ एवढेच उरले होते. वर्षातून एखाद्या वेळी, सायंकाळच्या मंद उजेडात तो खडा बाहेर काढी, थोडा वेळ पाही आणि पुन्हा रेशमात गुंडाळून ठेवी.

त्याने विचार केला, ‘हा खडा विशाखाला दिला, तर माझे घर भरभराटेल, पण एका निरपराध बाईचा हात जाईल. हा पेटीत ठेवला आणि गप्प राहिलो, तरी तिचा हात जाईल. राजाला पटेल असा पुरावा एकच आहे. पण हा खडाही उन्हात उतरतोच, हे तरी मला कुठे ठाऊक आहे? मी कधी करून पाहिले नाही. सगळेच पिवळे पुष्कराज उतरत नाहीत. दादा नुसते ऐकीव बोलला असेल तर तिचा हातही जाईल आणि माझा शब्दही जाईल.’ त्याने खडा खाली ठेवला. दादाचा चेहरा डोळ्यांसमोर आणायचा त्याने प्रयत्न केला, आणि आठवताना त्याला जाणवले की खडा हातात नसतानाही तो चेहरा तसाच आठवतो आहे. तेव्हा त्याचे मन स्थिर झाले.

दुसऱ्या दिवशी तो खडा घेऊन राजसभेत गेला. राजमाताही तिथे होती. त्याने तिला नमस्कार केला आणि मऊ आवाजात सांगितले, “आईसाहेब, मी आता जे बोलणार आहे त्याने आपल्याला वाईट वाटेल. आपला खडा कोणी चोरला नाही, अशी माझी समजूत आहे. गंधारच्या मधवर्णी पुष्कराजाचा रंग उन्हात हळूहळू निघून जातो. आपण त्याला जिवापाड जपत होता, म्हणूनच रोज त्याला उजेडात आणत होता.”

अनोमाने काठी दोन्ही हातांनी धरली. 

विशाख म्हणाला, “हे कुणी ऐकले आहे का कधी? दगडाचा रंग म्हणजे काय हळदीचे कापड आहे?”

“बरोबर आहे आपला प्रश्न,” बोधिसत्त्व म्हणाला. “म्हणून मी माझाच खडा आणला आहे. हा त्याच डोंगरातला आहे. पुष्कराज एवढा कठीण, की स्फटिकाला चरे पाडतो. पण एका दिशेने त्याच्या अंगात जन्मतःच एक दुबळी पातळी असते. तिथे नेमका घाव बसला की तो आरशासारखा सपाट दुभंगतो. मी याचे दोन भाग करतो. एक भाग महाराजांनी डबीत बंद करून आपली मुद्रा लावावी. दुसरा गच्चीवर उन्हात ठेवावा, आणि त्यावर आपले पहारेकरी बसवावेत. उन्हाळा संपला की दोन्ही एकत्र पाहावेत. तोवर कुरंगीची शिक्षा थांबवावी, एवढीच माझी विनंती.”

राजा म्हणाला, “श्रेष्ठी, हा खडा तुमच्या भावाची आठवण आहे असे मी ऐकले आहे.”

“होय महाराज.”

“आणि रंग गेला नाही तर?”

“तर मी चुकलो, आणि आपण योग्य तो निर्णय घ्याल.”

राजाने संमती दिली. बोधिसत्त्वाने खडा लाकडी ठोकळ्यावर उभा धरला, पातळ छिन्नी त्यावर टेकवली आणि क्षणभर थांबला. ओठ हलले, पण काय म्हणाला ते कोणाला ऐकू आले नाही. मग त्याने हातोडी मारली. टिच्‌ असा बारीक आवाज झाला आणि खडा दुभंगला. दोन्ही कापांच्या कडा पाण्यासारख्या गुळगुळीत होत्या, आणि दोन्ही भाग एकाच मधाच्या रंगाचे होते.

त्या वर्षीचा उन्हाळा कडक होता. गोदावरीचे पात्र बारीक झाले. गच्चीवर दगड इतके तापत की पहारेकरी ओल्या गोणपाटावर उभे राहत. सुरुवातीचे काही दिवस खडा जसाच्या तसा दिसला, आणि विशाख सभेत त्याविषयी हसून बोलू लागला. बोधिसत्त्व कधीकधी येई, लांब उभा राहून खड्याकडे पाही आणि निघून जाई. मग एकदा पहारेकऱ्यांपैकी एकाने दुसऱ्याला म्हटले, “अरे, हा काल जरा गडद नव्हता का?” त्यानंतर रंग उतरत गेला. मधाचा तुपासारखा झाला, तुपाचा ताकाच्या निवळीसारखा. बोधिसत्त्वाने तो पाहिला, आणि त्याला एकाच वेळी आनंदही झाला आणि भावाची खूण जाताना दुःखही.

उन्हाळा संपताच राजाने सभा भरवली. पहारेकऱ्यांनी गच्चीवरचा तुकडा आणला. राजाने स्वतःच्या हाताने मुद्रा फोडून डबी उघडली. आतला तुकडा पहिल्याइतकाच मधवर्णी होता. बोधिसत्त्वाने दोन्ही काप एकमेकांना लावले. ते इतके नेमके जुळले की मधली रेघ बोटाला लागेना. पण अर्धा खडा मधाचा होता आणि अर्धा पाण्याचा.

सभेतले लोक पुढे वाकून पाहू लागले. विशाख पुढे येऊन गुडघ्यांवर बसला. “महाराज, मला शंका आली त्याचे मला काही वाटत नाही. पण नंतर मी जे बोललो ते लाजिरवाणे होते,” असे म्हणून त्याने सुनेत्राला काय सुचवले होते ते सर्वांसमोर सांगितले. राजाने त्याला क्षमा केली, पण खजिन्याच्या किल्ल्या दुसऱ्याकडे दिल्या. मग तो उठला आणि कुरंगीला आणायला स्वतः बंदिशाळेत गेला.

ती सभेत आली तेव्हा अनोमा सिंहासनाच्या पायऱ्या उतरून हाताने चाचपडत तिच्याकडे निघाली. कुरंगीने पुढे होऊन तिला धरले.

“किती दिवस खोटे बोलत होतीस गं?” अनोमा म्हणाली.

“आठवत नाही, ताई. पुष्कळ.”

“आणि तुझा हात तोडायला निघाले तरी गप्प राहिलीस.”

“तुम्हाला कळले असते ना.”

अनोमा रडू लागली. “मी तुला चोर ठरवले. रंग गेल्याचे मला इतके दुःख नाही, जितके त्याचे आहे.” दोघी तशाच उभ्या राहिल्या. राजाला कळेना की आपण काय करावे, म्हणून तोही बाजूला हात जोडून उभा राहिला.

थोड्या वेळाने बोधिसत्त्व जवळ आला आणि त्याने मधाच्या रंगाचा उरलेला अर्धा खडा राजमातेच्या हातावर ठेवला. “आईसाहेब, हा आपल्याच डोंगरातला आहे. सावलीत ठेवलात तर असाच राहील.”

अनोमाने तो बोटांनी फिरवून पाहिला, त्याचा गारवा गालाला लावून पाहिला. मग तो परत त्याच्याच हातात ठेवून तिने त्याची मूठ मिटवली. “हा तुझ्या भावाचा आहे, बाळ. माझ्या आईचा माझ्याजवळ आहे. तो पांढरा झाला, मीही झाले.” एवढे बोलून ती राजाकडे वळली आणि त्याने आजवर तिच्या तोंडून कधी न ऐकलेली गोष्ट तिने मागितली. “धृतसेना, मला घरी जायचे आहे.”

“आई, हेच तर तुझे घर.”

“हो रे. पण मला तिकडे जायचे आहे. सासरी आल्यापासून मी एकदाही गेले नाही. तुझ्या वडिलांना राज्य होते, मग तू लहान होतास, मग डोळे गेले. तेव्हा गच्चीवर बसले. आता गच्चीवर बसून पुरे झाले.”

राजाने तिला अडवले नाही. पावसाळा सरल्यावर सार्थवाहांचा मोठा तांडा उत्तरेला निघाला. त्यात राजमातेची पालखी होती, कुरंगी होती, आणि वाटेवरचे देश माहीत असलेला सुनेत्रही होता. प्रवास लांबचा होता. विंध्य ओलांडला, नद्या ओलांडल्या, हवा कोरडी आणि थंड होत गेली. गंधारच्या त्या खोऱ्यात ते पोचले तेव्हा झाडांना रंग चढला होता. अनोमाचे माहेर ज्या घरात होते तिथे आता दुसरेच कोणी राहत होते. मावशीचे नाव कोणाला आठवत नव्हते. पण त्या घरातल्या सुनेने पाहुण्या म्हातारीला अंगणात बसवले आणि वाटीत मध आणून दिला.

“कसा आहे गं?” अनोमाने सवयीने विचारले.

कुरंगीने वाटीत पाहिले, मग सगळ्या उतारावर पसरलेल्या अक्रोडांकडे पाहिले. या वेळी तिला काही बनवून सांगावे लागले नाही. “ताई, सगळीकडे तोच रंग आहे,” ती म्हणाली, आणि एकेक झाड सांगू लागली. अनोमा मान हलवत ऐकत राहिली. अंगणातल्या पाटाचे पाणी अजून वाहत होते. तिने त्यात पाय सोडले आणि ते किती गार आहे म्हणून ती मोठ्याने ओरडली, तेव्हा घरातली मुले हसत बाहेर आली.

अनोमा पुन्हा पोतनला आली नाही. पुत्राने तिथे तिला लहानसे घर बांधून दिले. त्यात त्या दोघी राहिल्या आणि एकीच्या मागोमाग दुसरी, शांतपणे गेल्या. बोधिसत्त्व आपल्या नगरीला परतला. राजाने देऊ केलेले पद त्याने घेतले नाही, पण कोणावर रत्नचोरीचा आळ आला तर तो बोलावल्यावाचून जाई आणि आधी नीट पाही. दाने देत, शील पाळत त्याने आयुष्य पुरे केले आणि आपल्या कर्मानुसार पुढच्या गतीला गेला.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका विहारात भिक्षुणींना सांगितली. तिथे धम्मसेना नावाची वृद्ध भिक्षुणी होती. घर सोडताना आईने स्वतः विणून रंगवून दिलेले चीवर, म्हणजे अंगावर घ्यायचे भिक्षुणीचे वस्त्र, तिच्याजवळ होते. रोज धुऊन उन्हात वाळवता वाळवता त्याचा काषाय, भगवा रंग विटला, आणि ते धुणाऱ्या सुजया नावाच्या तरुण भिक्षुणीने खरे चीवर ठेवून घेऊन दुसरेच परत दिले, अशी शंका धम्मसेनेला आली. भांडार सांभाळणाऱ्या उपासकाने ती शंका वाढवली. सुजया काहीच बोलली नाही. गोष्ट शास्त्यांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी ही पूर्वजन्माची हकीकत सांगितली. ती ऐकताना धम्मसेनेचे डोळे भरून आले, आणि कथा संपण्याआधीच तिने सुजयेचा हात हातात घेतला.

मग शास्त्यांनी जन्मांचा मेळ घातला. “त्या वेळची राजमाता अनोमा म्हणजे आजची धम्मसेना. कुरंगी ती सुजया. कोशाध्यक्ष विशाख तो हा भांडारी उपासक, आणि राजा धृतसेन म्हणजे ज्याने हा विहार बांधून दिला तो गृहस्थ. रत्नपारखी सुनेत्र मीच होतो.” आणि ते म्हणाले, “भिक्षुणींनो, नको असलेली वस्तू देणे सोपे आहे. जी हातात धरून माणूस आपल्या माणसांना आठवतो, ती दुसऱ्याला वाचवण्यासाठी उन्हात ठेवणे, ही त्यागाची पारमिता, त्यागाची परिपूर्णता.”